शेवटच्या सरीपर्यंत

गेल्या श्रावणात आई अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया करून आत सळई बसवली. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आल्या, तेव्हा आई मला म्हणाली, "अगं, मोडलेल्या हाडाला विसावा द्यायचा सोडून चालायला काय लावताय?"

हाडात साखर, प्राणवायू, औषधं कशी पसरतात, याची संगणकावर मॉडेल्स करणं हे माझं काम. पण आईला सांगायचं तर मला आमच्या उसात शिरावं लागलं. बाबा रात्री दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला जायचे. घोर एकच : शेवटच्या सरीला पाणी पोचलं का? माझं सगळं गणित याच घोरापायी आहे.

मटणातली नळी आठवा. मगजाभोवतीचं कडं दगडासारखं भरीव वाटतं. त्याचाच पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळात वर्तुळं दिसतात आणि मधोमध रक्तवाहिनीची नलिका. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने 1691च्या ग्रंथात अशा नलिकांचं वर्णन केलं. आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. भोवतीच्या इवल्या पोकळ्यांत अस्थिपेशी राहतात. माणसाच्या सांगाड्यात त्या सुमारे 4,200 कोटी असाव्यात, असा एक अंदाज आहे. खनिजाच्या भिंतींतून जवळपास काहीच झिरपत नाही. पेशीपर्यंत जायला वाट एकच : मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक नळ्यांचं जाळं.

न ढवळलेल्या दुधात केशराची काडी टाकली, तर रंग आपोआप पसरतो. जिथे दाट तिथून विरळ जागेकडे, हेच विसरण. अडोल्फ फिकने 1855 साली त्याचा नियम मांडला. मॉडेल करताना आम्ही तो नियम, नळ्यांची लांबी-रुंदी आणि पेशी किती खाते हे एकत्र मांडतो. पण हाडात पसरण्याचा वेग किती धरायचा? 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदराच्या हाडात चमकणारा रंग भरला, एकाच पोकळीतली चमक लेझरने विझवली आणि ती परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. तो छोटा रेणू साध्या पाण्यातल्या वेगाच्या सुमारे 62 टक्के वेगाने पसरत होता.

हा आकडा हाती धरून हिशेब केला, तर रेणूला 0.1 मिलिमीटर अंतर कापायला साधारण 15 सेकंद लागतात. एक सेंटिमीटरला? अंतर शंभरपट, पण वेळ दहा हजारपट : तब्बल 42 तास! विसरणात वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून तर हाडात प्रत्येक पेशीपासून केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर रक्तवाहिनी असते. हे गणित पहिल्यांदा जुळलं, त्या रात्री मला झोप आली नव्हती.

छोट्या रेणूंचं असं भागतं. मोठी प्रथिनं मात्र त्या अरुंद नळ्यांतून रेंगाळतात. तिथे चालणं कामी येतं. पाऊल टेकलं की नडगीचं हाड हजारात एका भागाहूनही कमी दबतं, पण तेवढ्याने नळ्यांतला द्रव सरकतो. पाऊल उचललं की परत येतो. जणू कोणी दूध ढवळलं. द्रवाची ही हालचाल पेशींनाही जाणवते आणि हाड राखायचं की झिजू द्यायचं, ते त्यावरून ठरतं. अंतराळात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते.

ताज्या मोडलेल्या हाडावर भार कधी आणि किती टाकायचा, हे डॉक्टरांनीच ठरवावं. आईला त्यांनी परवानगी दिली होती. छातीत कफ साठू नये, पायात रक्ताची गुठळी होऊ नये, हीही कारणं होतीच. मी तिला सऱ्या, दूध, केशर सगळं सांगितलं. ती वॉकर धरून दारापर्यंत चौदा पावलं गेली, चौकटीला टेकली आणि म्हणाली, "म्हणजे आता दारं मी धरायची म्हण की."