स्वतःचे गाणे आणि पूर्वसुरींचे ऋण

मांजरीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर रविवारी सायंकाळी चार तरुणांचा गिटार, ड्रम आणि ध्वनिवर्धकांसह सराव चालतो. त्याविषयी शेजाऱ्यांची जी मते आहेत ती येथे नमूद करण्याचे कारण नाही. या चौघांपैकी एक माझा विद्यार्थी. मध्यंतरी तो म्हणाला, ‘‘सर, आम्ही दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवली की मुले नाचतात. आमचे स्वतःचे गाणे सुरू झाले की चहाला उठतात. मग स्वतःची गाणी करायची तरी कशाला?’’

प्रश्न संगीताचा आणि विचारला अर्थशास्त्राच्या अध्यापकाला! पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की तो अगदीच चुकीच्या माणसाला विचारला गेलेला नाही. ओळखीच्या मालाला मागणी आयतीच तयार असते. ती निर्माण करण्याचा खर्च दुसऱ्या कोणी तरी आधीच केलेला असतो. अनोळखी गाणे घेऊन उभा राहणारा मात्र सारी जोखीम स्वतःच्या शिरावर घेतो. मुंबईच्या हॉटेलांतून आणि क्लबांतून पाश्चात्त्य वाद्यवृंदांना वर्षानुवर्षे बिदागी मिळाली ती मुख्यतः दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवण्याबद्दल. अशा बाजारपेठेत स्वतःचे गाणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार ठरतो. तरीही तो करणारी माणसे निघतात. त्यांतील एक आपल्या शेजारच्या गोव्यातच निघाला.

श्री. रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ चा, घराणे शिवोलीचे. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. हाताशी अशी पदवी असता त्यांनी गिटार आणि बासरी हाती धरली आणि इंग्रजीत स्वतःची गाणी रचायला घेतली. विषय होते गोव्याचे, चाली होत्या रॉकच्या. अशा गाण्यांना या देशात गिऱ्हाईक नाही, हा ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा त्या काळचा हिशेब होता. त्यांना त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. ध्वनिमुद्रिका काढायची तर स्टुडिओ, वादक, छपाई आणि वितरण यांसाठी मोठे भांडवल अडकवावे लागे आणि ते वसूल व्हायचे तर हजारो प्रती खपाव्या लागत.

हा हिशेब मोडला तो कॅसेटने. रेमो यांनी घरीच चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर काम सुरू केले. या यंत्राची किमया साधी आहे. एकाच फितीवर चार स्वतंत्र पट्ट्या असतात. एकीवर गिटार मुद्रित करायची, ती ऐकत दुसरीवर ताल, तिसरीवर गळा, असे थर चढवत गेले की एकटा माणूस अख्खा वाद्यवृंद होतो. वादकांची बिदागी वाचते आणि स्टुडिओचे भाडेही वाचते. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट अशी तयार झाली. गाणी, वादन, गायन, ध्वनिमुद्रण सारे एकाच माणसाचे. वितरणही त्याचेच, कारण आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून रेमो गोव्यातील दुकानादुकानांतून स्वतः त्या पोचवीत.

‘स्वतंत्र कलावंत’ हा शब्द आज सैलपणे वापरला जातो. बाजारापासून अलिप्त असा त्याचा अर्थ असेल, तर तसा कलावंत मी पाहिलेला नाही. रेमो बाजारात होतेच; किंबहुना दुकानदाराच्या दारात उभे राहण्याइतके होते. त्यांचे स्वातंत्र्य होते ते उत्पादनाची साधने स्वतःच्या हाती असण्यात. यंत्र आपले, माल आपला आणि नफानुकसानही आपलेच. म्हणूनच काय गावे हे ठरवण्याचा अधिकारही आपला.

हा अधिकार मिळाल्यावर त्यांनी काय केले, हा माझ्या दृष्टीने या कहाणीतील सर्वांत विचार करण्यासारखा भाग आहे. १९८५ साली आलेली त्यांची पुढची कॅसेट होती ‘ओल्ड गोअन गोल्ड’. तीत त्यांनी स्वतःच्या नव्या रचनांऐवजी गोव्याची जुनी, पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी गायिली गेलेली गाणी गायिली. आधी कोणी तरी गायिलेल्या गाण्यांचा हा संग्रह, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘कव्हर’ म्हणतात त्याच जातीचा. ज्याने स्वतःचे गाणे गाण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याने लगेच दुसऱ्यांची गाणी का गावीत?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या मनात प्रथम शंका येते ती मागणीचीच. जुन्या गाण्यांना गोव्यात हक्काचा श्रोता होता, हे खरे. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. ज्याला नुसती मागणी पुरवायची होती त्याने ‘गोअन क्रेझी’ काढलीच नसती. मला वाटते, आपला आवाज कोणत्या मातीतून आला हे त्याच यंत्रावर, त्याच गळ्याने सांगण्याची गरज त्यांना भासली असावी. स्वतःच्या गाण्याचा हक्क सिद्ध केल्यावरच माणूस पूर्वसुरींचे ऋण मोकळेपणाने मान्य करू शकतो. त्याआधी तेच काम नक्कल ठरते.

स्वतःचे आणि परक्याचे गाणे ही विभागणी आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. आपला ख्यालगायक शतकाशतकांच्या बंदिशी गातो. त्याला कोणी परभृत म्हणत नाही. गायकानेच गीत लिहिले पाहिजे हा आग्रह धरला तो पश्चिमेच्या रॉक संगीताने, आणि तोही १९६० नंतर. बॉब डिलन यांच्या १९६२ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील १३ गाण्यांपैकी अवघी दोन त्यांची स्वतःची होती. बीटल्सच्या १९६३ मधील पहिल्या संग्रहातील १४ पैकी सहा गाणी इतरांची होती. पुढे १९७५ साली जॉन लेनन यांनी बालपणी आवडलेल्या गाण्यांचा एक सबंध संग्रह काढला. उमेदवारीच्या काळात दुसऱ्याचे गाणे ही शिडी असते. प्रौढपणी तेच गाणे कृतज्ञता होऊ शकते.

ऋण म्हटले की परतफेडीचा प्रश्न येतो. लोकगीतांचा कर्ता अज्ञात किंवा काळाआड गेलेला. आपल्या कायद्याने गीतावरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यानंतर ते सर्वांचे. पण हयात कर्त्याचे काय? कॅसेटच्या लाटेत १९८० नंतर गाजलेली गाणी स्वस्त गळ्यांकडून पुन्हा गाऊन घेऊन विकण्याचा धंदा जोरात चालला आणि १९५७ च्या कायद्यातील सवलत त्याची ढाल बनली. २०१२ च्या दुरुस्तीने तिला वेसण घातली. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबणे, हक्कधारकाला आगाऊ मोबदला देणे आणि तोही सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने, या अटी आल्या. तीच कॅसेट घरातल्या यंत्रावर रेमो यांना मुक्त करीत होती आणि बाजारात गीतकारांना लुबाडीत होती. तंत्र कोणाचीही बाजू घेत नाही, हे वर्गात मी नेहमी सांगतो. इतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

पुढे चित्रपटसृष्टीने रेमो यांची दखल घेतली. ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीतील, १९९५ साली देशभर गाजलेले ‘हम्मा हम्मा’ त्यांच्या आवाजातले. २००७ साली ‘पद्मश्री’ आली. २०१७ मध्ये तेच ‘हम्मा’ दुसऱ्या एका चित्रपटासाठी नव्या गळ्यांतून, नव्या साजात पुन्हा आले. जुन्या गाण्याचे नवे रूप हा आज चित्रपटसंगीताचा नित्याचा व्यवसाय झाला आहे. नवे गाणे लोकप्रिय करण्याची जोखीम टाळायची, हाच त्यामागचा हिशेब. ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आणि हा व्यवसाय वरवर एकाच जातीचे दिसतात. पण विस्मरणात जाऊ पाहणारे गाणे उचलून धरणे वेगळे आणि गाजलेल्या नाण्याला पुन्हा मुलामा देणे वेगळे.

मग माझ्या विद्यार्थ्याला काय सांगावे? रेमो यांना चार पट्ट्यांचे यंत्र दुर्मिळ होते. या मुलाच्या खिशातील फोनमध्ये त्याहून अधिक पट्ट्या आहेत. उत्पादनाचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि वितरणाला स्कूटरही लागत नाही. दुर्मिळ झाले आहे ते ऐकणाऱ्याचे लक्ष. त्यामुळे ‘सर्व सोडून गाण्यामागे लाग’ असे मी त्याला म्हणालो नाही. पदवी पूर्ण कर, असेच म्हणालो. पण गाणी करणे थांबवू नकोस, हेही म्हणालो.

मांजरीला द्राक्षसंशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. द्राक्षबागायतदाराला ठाऊक असते की आज आपली बहुतेक द्राक्षे स्वतःच्या मुळांवर वाढत नाहीत. खारे पाणी आणि दुष्काळ सोसणाऱ्या परक्या खुंटावर त्यांचे कलम केलेले असते. खुंट दुसऱ्याचा म्हणून द्राक्षाची गोडी कोणी उसनी मानत नाही. पण नुसता खुंट वाढवून घडही लागत नाहीत. त्या मुलांनी दोन गाणी दुसऱ्यांची वाजवावीत, तिसरे स्वतःचे. आणि तिसरे सुरू होईल तेव्हा चहाला न उठण्याची जबाबदारी आपली, श्रोत्यांची आहे.