गेज आणि पट्टी

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनते. ‘जालना सोन्याचा पाळणा’ म्हटल्या जाणाऱ्या या गावाची ओळख आज सळईमुळेही आहे. पण सळई काँक्रीटमध्ये वजन येईपर्यंत स्वस्थ असते. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये नळीतून ओवलेल्या केबलचं तसं नाही. काँक्रीटला ताकद आली की जॅक लावून ती ओढतात आणि टोकाशी वेजमध्ये, म्हणजे पाचरीत, अडकवतात. केबलमधली सात तारांची 15.2 मिमीची स्ट्रँड साडेसव्वीस टनांच्या आसपास तुटते. तिला वीस टनांपर्यंत ताणतात.

ते वीस टन खरंच बसले, हे कळतं दोन गोष्टींवरून. एक जॅकचं गेज, दुसरी साधी मोजपट्टी. आधी थोडं ओढून केबलचा ढिलेपणा काढतात, स्ट्रँडवर रंगाची खूण करतात आणि मग पूर्ण ताणतात. तीस मीटरच्या केबलवरची खूण साधारण वीस सेंटिमीटर सरकली पाहिजे. हिशेबात फरक चालतो पाच टक्के, म्हणजे फक्त एक सेंटिमीटर.

माझा भरवसा पट्टीवर जास्त. गेजवर आकडा पुरा आला आणि खूण कमी सरकली, तर केबल नळीत कुठेतरी अडकली आहे. जास्त सरकली, तर वेज घसरतोय, तार तुटली आहे किंवा गेजच चुकतंय. आखूड केबलला तर फार जपावं लागतं. वेज बसताना पाच-सहा मिलिमीटर परत जातात. तीस मीटरला ते किरकोळ, पण सहा मीटरला एकूण वाढच चार सेंटिमीटर! म्हणून रजिस्टरमध्ये गणिताशी जुळवून आकडा लिहिणं मला अक्षम्य वाटतं.

शंका आलीच तर जॅक पुन्हा चढवतात. वेज जागचा हलतो त्या क्षणी गेज जो आकडा दाखवतं, तोच केबलमध्ये उरलेला ताण. पण ही संधी स्ट्रँडची बाहेर उरलेली शेपटं कापून नळीत सिमेंटचा ग्राउट भरेपर्यंतच. पुढे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. 5 जुलै 1986 रोजी पणजीजवळचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा आतल्या केबल गंजल्याचं कारण पुढे आलं.

म्हणून आकडे तपासून सही झाल्याशिवाय स्ट्रँडच्या टोकाला कटर लावायचं नाही. सही झाली की शेपटं उडतात, खाचेत मसाला भरला जातो आणि रंगाची ती खूणही कापलेल्या तुकड्याबरोबर भंगारात जाते.