संदर्भनिर्देश आणि संशोधनाचे मोजमाप

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• संदर्भनिर्देश म्हणजे काय, हे स्पष्ट करता येईल.
• निर्देशसंख्या, एच-निर्देशांक आणि प्रभावांक यांतील फरक सांगता येईल.
• या मोजमापांच्या मर्यादा उदाहरणांनी दाखवता येतील.
• मराठी संशोधनाच्या संदर्भात या मोजमापांचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रकल्पलेखन करताना प्रत्येक उसन्या विचाराचा आधार नोंदवावा, असे आपणांस सांगितले जाते. हा प्रामाणिकपणाचा नियम आहे. गेल्या काही दशकांत मात्र याच नोंदी मोजण्याचाही विषय झाल्या आहेत. एखाद्या संशोधकाने किती लिहिले आणि त्याच्या लेखनाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, हे आता आकड्यांत सांगितले जाते. नेमणूक, पदोन्नती, संशोधनासाठीचे अर्थसाहाय्य यांचे निर्णय काही अंशी या आकड्यांवर होतात.

नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेल्या चलनी नोटेचे मूल्य तिच्यावरील आकड्याइतकेच असते. शोधलेखाच्या बाबतीत आकडा आणि मूल्य यांचा संबंध इतका सरळ नाही. तो कसा आहे, हे या घटकात पाहावयाचे आहे.

२. संज्ञेचा विचार

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेणे म्हणजे अवतरण. शब्द आपले असोत वा दुसऱ्याचे, माहिती किंवा विचार कोठून घेतला हे सांगणे म्हणजे संदर्भनिर्देश. इंग्रजीतील ‘सायटेशन’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा एक अर्थ ‘बोलावणे, पाचारण करणे’ असा आहे. मराठीतील ‘साक्ष काढणे’ हा वाक्प्रयोग या अर्थाच्या अगदी जवळचा आहे. आपण पूर्वसूरींना साक्षीला बोलावतो आणि मग आपले म्हणणे मांडतो.

साक्षीदार मात्र नेहमी आपल्याच बाजूचा नसतो. आपल्या शास्त्रग्रंथांत प्रथम पूर्वपक्ष मांडावयाचा, त्याचे खंडन करावयाचे आणि मग सिद्धान्ताकडे जावयाचे, अशी पद्धत होती. पूर्वपक्ष म्हणून ज्याचे नाव घेतले, त्याचाही निर्देश झालाच. आजची यांत्रिक मोजणी मान्यतेसाठी केलेला निर्देश आणि खंडनासाठी केलेला निर्देश या दोहोंना सारखाच एक गुण देते. ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी.

३. मोजणीचा उगम

अमेरिकेतील वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची प्रसिद्ध होत असे. एखाद्या न्यायनिर्णयाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे त्या सूचीवरून समजे. हीच कल्पना विज्ञानलेखनास लावावी, असे युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचविले. त्यातून १९६० च्या दशकात विज्ञानविषयक निर्देशसूची निर्माण झाली. गारफील्ड यांचा मूळ हेतू वाचकाला वाट दाखविण्याचा होता. एका लेखावरून त्याचा आधार घेणाऱ्या पुढील लेखांपर्यंत अभ्यासकाला जाता यावे, एवढीच सोय त्यांना करावयाची होती. संशोधकांची प्रतवारी लावण्यासाठी तिचा वापर नंतर वाढत गेला. भारतात एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच ग्रंथालयीन व्यवहारांच्या संख्यात्मक अभ्यासाची कल्पना मांडली होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

२००४ मध्ये ‘स्कोपस’ आणि ‘गुगल स्कॉलर’ उपलब्ध झाल्यानंतर ही मोजणी संगणकावर काही क्षणांत होऊ लागली.

४. प्रमुख मोजमापे

समजा, एका प्राध्यापिकेचे सात लेख प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांना अनुक्रमे २५, १२, ६, ४, ३, १ आणि ० निर्देश मिळाले आहेत.

(अ) एकूण निर्देशसंख्या : सर्व निर्देशांची बेरीज. येथे ती ५१ आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मे निर्देश एकाच लेखाचे आहेत, हे बेरजेवरून कळत नाही.

(आ) एच-निर्देशांक : भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचविले. लेख उतरत्या क्रमाने मांडावेत आणि ज्या शेवटच्या क्रमांकाच्या लेखाला निदान त्या क्रमांकाइतके निर्देश आहेत, तो क्रमांक घ्यावा. वरील उदाहरणात चौथ्या लेखाला ४ निर्देश आहेत. पाचव्याला ३ च आहेत. म्हणून एच-निर्देशांक ४. सातत्य आणि प्रभाव यांचा मेळ एकाच आकड्यात घालण्याचा हा प्रयत्न आहे. परंतु आयुष्यभर खपून एकच ग्रंथ लिहिणाऱ्याच्या त्या ग्रंथाला २०० निर्देश मिळाले, तरी त्याचा एच-निर्देशांक १ च राहतो.

(इ) प्रभावांक : ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या नावाने हे माप परिचित आहे. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत ४० लेख छापले आणि चालू वर्षी त्या लेखांना २० निर्देश मिळाले, तर त्याचा प्रभावांक ०.५ होतो. हे माप नियतकालिकाचे आहे; त्यात छापलेल्या एखाद्या लेखाचा किंवा लेखकाचा दर्जा त्यावरून ठरविणे चुकीचे आहे.

५. एक उदाहरण : दामोदर धर्मानंद कोसंबी

गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात दीर्घकाळ वास्तव्य केलेले दा. ध. कोसंबी (१९०७–१९६६) गणिती होते, तसेच इतिहासकार आणि संस्कृत ग्रंथांचे संपादकही होते. १९४४ मध्ये, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना, त्यांनी आनुवंशिकीवर अवघ्या चार पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध केला. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात होते. १९८० नंतर डीएनएवरील खुणांच्या साहाय्याने पिकांचे व प्राण्यांचे आनुवंशिक नकाशे तयार होऊ लागले आणि हे ‘कोसंबी सूत्र’ जगभरच्या प्रयोगशाळांत नित्य वापरात आले. तोवर कोसंबींच्या निधनाला बराच काळ लोटला होता.

याउलट १९४३ मध्ये गणितात त्यांनी मांडलेला एक विचार पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने रूढ झाला. काही अभ्यासक आता त्या सिद्धान्ताला कोसंबींचेही नाव जोडतात. पण अनेक ठिकाणी ते आढळत नाही.

भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची अनेक हस्तलिखिते ताडून कोसंबींनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. श्रमाच्या दृष्टीने चार पृष्ठांच्या लेखाशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. तथापि संस्कृत पाठचिकित्सा करणारे थोडे आणि आनुवंशिक नकाशे तयार करणारे पुष्कळ. त्यामुळे निर्देशसंख्येवर त्या विद्याशाखेतील अभ्यासकांच्या संख्येचाही परिणाम होतो. दोन भिन्न शाखांमधील आकड्यांची तुलना करू नये, हा नियम यातूनच निघतो.

६. मराठी संशोधनाची स्थिती

रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठलविषयक मराठी लेखनात त्याचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु मोजणी करणाऱ्या मोठ्या सूची मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर उभ्या आहेत. मराठी ग्रंथाने मराठी ग्रंथाचा केलेला निर्देश त्यांच्या नजरेस सहसा पडत नाही. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या निर्देशांवर आधारलेल्या मापात असा प्रवास मावणार कसा?

यात लिपीची अडचणही आहे. ‘ढेरे’ हे आडनाव रोमन लिपीत उच्चारचिन्हांसह किंवा त्यांविना लिहिले जाते. कोणी नाव पूर्ण लिहितो, कोणी आद्याक्षरे देतो. मूळ ग्रंथ आणि अनुवाद यांच्या नोंदी तर स्वतंत्रच असतात. संगणकाला ही सारी भिन्न नोंदपत्रे वाटू शकतात आणि एकाच ग्रंथाचे निर्देश विखुरले जातात.

तिसरे कारण मात्र आपल्याकडेच आहे. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–१९३८) उघडल्याशिवाय मराठी शब्दांचा अभ्यास पुढे सरकत नाही. पण लेखाच्या शेवटी त्याची नोंद पुष्कळदा नसते. ‘अभ्यासकांनी म्हटले आहे’ अशा मोघम वाक्यांत नाव, वर्ष, पृष्ठ हे सारे बुडून जाते. जेथे निर्देशच केलेला नाही, तेथे कोणतीही सूची तो मोजू शकणार नाही.

७. मोजमापाचे परिणाम

माप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणांकनपद्धती आणली आणि लेखसंख्येला महत्त्व आले. त्याबरोबर पैसे घेऊन परीक्षणाविना लेख छापणारी नियतकालिकेही वाढली. त्यांना आळा घालण्यासाठी २०१९ मध्ये ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची सूची सुरू झाली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते आणि तीत काही मराठी नियतकालिकांचाही समावेश होता. २०२५ मध्ये आयोगाने ही सूची बंद केली. नियतकालिकाचा दर्जा तपासण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि अभ्यासकांवर आली आहे.

जागतिक पातळीवरही असाच पुनर्विचार झाला. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नये, असे आवाहन केले. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने आकडे तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावेत, असे सांगितले. स्थानिक भाषांतील दर्जेदार संशोधनाचे रक्षण व्हावे, असेही त्यात एक तत्त्व आहे. मराठीच्या अभ्यासकाला हे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे.

८. सारांश

निर्देशसंख्या म्हणजे लेखनाच्या वापराचा एक अपुरा पण उपयुक्त पुरावा होय. तो कोणत्या सूचीतून, कोणत्या शाखेत, किती काळासाठी घेतला, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मान्यता, खंडन आणि उपचार यांतील भेद तो दाखवीत नाही. दर्जा ठरविण्यासाठी लेख वाचावाच लागतो. मराठी संशोधन मोजणीत दिसावे असे वाटत असेल, तर मराठीत लिहिणाऱ्यांनी मराठी ग्रंथांचे पूर्ण आणि अचूक निर्देश केले पाहिजेत. आपल्या प्रकल्पाच्या शेवटच्या पृष्ठावर हे काम आपणही करू शकता.

९. आपली प्रगती तपासा

१. अवतरण आणि संदर्भनिर्देश यांतील फरक सोदाहरण सांगा.
२. एका लेखकाच्या सहा लेखांना ९, ७, ५, ३, २, २ असे निर्देश मिळाले आहेत. त्याचा एच-निर्देशांक काढा. (उत्तर : ३)
३. कोसंबींच्या उदाहरणावरून निर्देशसंख्येच्या कोणत्या मर्यादा स्पष्ट होतात?
४. आपल्या आवडीच्या एका मराठी संशोधनग्रंथाची संदर्भसूची तपासा. तीत मराठी ग्रंथांच्या नोंदी किती आहेत आणि त्यांत वर्ष, प्रकाशक व पृष्ठ यांचा उल्लेख पूर्ण आहे काय, हे पाहून २०० शब्दांत टिपण लिहा.