कृत्रिम बुद्धि व उसाची बागाईत

महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं शेतींतील कृत्रिम बुद्धीविषयींचें धोरण मंजूर केलें व पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटि रुपयांची तरतूद ठरविली. तेव्हां हें साधन आपल्या धंद्याच्या घडीशीं कसें जुळवावें, हा विचार बागाईतदारांनीं आधीं केला पाहिजे.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांतील लहानांत लहान चौकोन १० मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारें एक गुंठा असतो. त्यावरून उसाचा कोणता भाग मागें पडला तें समजतें. ढग आड आले कीं मात्र तें दिसत नाहीं. जमिनींतील ओल मोजणारें यंत्र पाणी देण्याची वेळ सांगतें. पण पाटाची पाळी दहा दिवसांनीं येणार असेल, तर आजचा सल्ला व्यर्थ होय. वर्गणी जाते व ऊस वाळावयाचा तो वाळतोच.

म्हणून प्रथम पाण्याची पाळी, विजेची वेळ, लागणीची तारीख व कारखान्याचा तोडणीचा क्रम लिहून काढावा. विहिरीचें पाणी, खताची मात्रा, असे जे निर्णय आपल्या हातीं आहेत, तेवढ्यापुरताच सल्ला घ्यावा. एकाच शेतांत एक एकर ऊस सल्ल्यानें व एक एकर नेहमींप्रमाणें करून दोहोंचा खर्च व वजन ताडून पाहावें. फायदा वर्गणीहून अधिक दिसला, तरच क्षेत्र वाढवावें.