काटा मारतोय कोण?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो. भरलेल्या गाडीचं वजन, माल उतरवल्यावर रिकामीचं वजन, वजाबाकी, पावती. तोवर शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. तिथून तास-दीड तासाच्या अंतरावर, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, पहाटे पाचला कुणीतरी जागच्या जागी सायकल मारत घामाने निथळतंय आणि त्याचीही नजर आकड्यावर खिळलीय. फरक एवढाच की त्याच्यापुढे काटे दोन आहेत. सायकल ज्यावर बसवलीय तो ट्रेनर म्हणतो २३२ वॅट, पॉवर मीटर असलेलं पेडल म्हणतं २५१. आता काटा मारतोय कोण?

गंमत म्हणजे भुईकाट्याच्या पोटात आणि त्या पेडलच्या पोटात एकच चीज असते: स्ट्रेन गेज. धातूला चिकटवलेली बारीक तारेची जाळी. धातू किंचित ताणला की तारही ताणते, तिचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्यावरून जोर कळतो. ट्रॅक्टरखाली टनांचा, पायाखाली किलोंचा.

पाण्याच्या टाकीची देणगी

ही जाळी १९३८ साली अमेरिकेत दोघांना स्वतंत्रपणे सुचली, एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना. रूज यांना भूकंपात पाण्याच्या टाकीवर किती ताण येतो ते बघायचं होतं. सायकल त्यांच्या डोक्यातही नव्हती. पायाचा जोर मोजणारं यंत्र सायकलवर चढवलं जर्मनीच्या उलरिख शोबरर यांनी, १९८६ साली. त्यांच्या ‘एसआरएम’ मीटरचे आकडे बघत सराव करणाऱ्या पहिल्या बड्या सायकलपटूंमध्ये ग्रेग लेमाँड होते.

नाशिकला हे वेड का?

कारण गावच सायकलवेडं आहे. इथून पंढरपूरची वारीसुद्धा सायकलवरून निघते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली: सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. अशा गावात जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबकचा रस्ता पावसाने झोडपला आणि कसारा घाट धुक्यात बुडाला, तरी सराव थांबत नाही. सायकल हॉलमध्ये येते. घरच्यांचं मत कुणी विचारत नाही.

जास्त दाखवणारा खोटा नसतो

पहिला धक्का इथेच. पेडलने ट्रेनरपेक्षा थोडा जास्त आकडा दाखवला तर सगळं ठीक आहे. पेडल जोर मोजतं तो पायाखाली. ट्रेनर मोजतो तो साखळी ओलांडून गेल्यावर. वाटेत साखळी, दात्यांची चक्रं, डिरेलर यांच्या घर्षणात दोन-तीन टक्के खर्ची पडतात. २५० वॅटला पाच ते आठ वॅट, साखळी मळलेली असेल तर आणखी. शेतातून निघालेला कांदा आणि बाजारात पोचलेला कांदा यांचं वजन कधी एक भरलंय का? उलट ट्रेनर पेडलपेक्षा जास्त दाखवू लागला तर मात्र कान टवकारा. साखळी फुकटात वॅट तयार करत नाही.

शिवाय दोन्ही यंत्रांच्या खोक्यावर ‘अचूकता अधिक-उणे दोन टक्के’ असं छापलेलं असेल, तर खऱ्या २५० वॅटला एक २४५ आणि दुसरं २५५ दाखवू शकतं. दोघंही शब्दाला जागलेले, मध्ये दहा वॅटची दरी. नोटांच्या छापखान्याच्या या गावात आपल्याला सगळं हुबेहूब छापून हवं असतं, तो आपला दोष.

तरीही २३२ आणि २५१, म्हणजे १९ वॅट? हे जरा जास्तच झालं. चौकशी हवी.

रिकामा ट्रॅक्टर

सगळ्यात मोठा गुन्हेगार सगळ्यात साधा आहे. ट्रॅक्टरवाला रिकाम्या गाडीचं वजन केल्याशिवाय काट्यावरून हलत नाही. आपण मात्र सायकलवर चढतो आणि थेट पेडल मारायला लागतो. पायात जोर नसताना मीटर काय दाखवतो, ते त्याला आधी सांगावं लागतं. त्यालाच झिरो ऑफसेट म्हणतात. काही बहाद्दर पाय पेडलवर ठेवूनच कॅलिब्रेटचं बटण दाबतात. म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन करताना चार गोणी आतच. मग पुढे तासभर आकडा चुकतो आणि शिव्या कंपनीला.

यात नाशिकची थंडी भर घालते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. रात्रभर गॅलरीत गारठलेली सायकल आत आणली, लगेच शून्य केलं आणि सराव सुरू केला की धातू हळूहळू तापतो, प्रसरण पावतो आणि शून्य जागचं सरकतं. बऱ्याच मीटरांत तापमानाची दुरुस्ती असते, पण ती रामबाण नव्हे. दहा-पंधरा मिनिटं हलकं पेडल मारा, थांबा, पाय काढा, मग शून्य करा. मागचं चाक रोलरवर टेकवायचा जुन्या पद्धतीचा ट्रेनर असेल तर त्याचं स्पिनडाऊनही (चाक वेगात फिरवून सोडून द्यायचं, थांबायला किती वेळ लागतो त्यावरून कॅलिब्रेशन) तापल्यावरच करायचं, आणि चाकातली हवा रोज सारखी ठेवायची. हवा कमी की टायर रोलरवर जास्त दबतो आणि हिशेब बिघडतो.

डाव्या पायाचं राजकारण

स्वस्तातले बरेच मीटर फक्त डावा पाय मोजतात आणि दुप्पट करून सांगतात. तुमचा डावा ४८ आणि उजवा ५२ टक्के काम करत असेल, तर खऱ्या २५० वॅटचे २४० दिसतील. उजव्या पायाला मतदानाचा हक्कच नाही. बरं, हे प्रमाण दमल्यावर बदलतं, त्यामुळे रोज दहा वॅट मिळवून हिशेब सोडवण्याची युक्तीही फसते.

पाच मिलिमीटर

पेडलमधल्या मीटरला क्रँकची लांबी आपण सांगावी लागते. क्रँक १७५ मिलिमीटरचा आणि सेटिंगमध्ये १७० लिहिलंय? जवळपास तीन टक्के गायब. २५० चे २४३. हा शोध लागायला काही जणांचं अख्खं वर्ष जातं.

दूधवाला

बेल वाजली, दोन मिनिटं उतरलात. एक यंत्र तेवढ्या वेळाचे शून्य वॅट सरासरीत धरतं, दुसरं घड्याळच थांबवतं. सराव तोच, सरासरी दोन.

तंतोतंत जुळलं? मग संशय घ्या

दोन्ही पडद्यांवर प्रत्येक क्षणी एकच आकडा दिसू लागला तर पेढे वाटू नका. बहुधा हँडलवरचा संगणक पेडल सोडून ट्रेनरशीच जोडला गेलाय आणि तुम्ही एकाच साक्षीदाराची दोनदा साक्ष घेताय. आलेखाची रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट असेल तर ती अर्ग मोडची करामत. त्यात ट्रेनर ठरलेल्या वॅटवर स्वतः ब्रेक धरून बसतो आणि बऱ्याचदा आकडाही गुळगुळीत करून दाखवतो. खऱ्या पायांची रेघ कधी इतकी शहाणी नसते.

पंचनामा असा करा

तापल्यावर, शून्य करून, १००, १५०, २०० आणि २५० वॅटला प्रत्येकी चार-पाच मिनिटं. दोन्हीकडची सरासरी वहीत लिहा. क्षणाक्षणाचे आकडे बघू नका, ते भांडणं लावतात. सगळीकडे दहा-दहा वॅटच फरक असेल तर शून्य चुकलंय. फरक वॅटबरोबर वाढत असेल, म्हणजे दर वेळी तेवढेच टक्के, तर क्रँकची लांबी, डावा पाय किंवा यंत्राचं मूळ माप तपासा. सुरुवातीला फरक नाही आणि वेळेबरोबर वाढतो, तर तापमान. फक्त स्प्रिंटमध्येच असेल तर ट्रेनर उशिरा जागा होतोय, सोडून द्या.

आणि पेडल खरंच खोटं बोलतंय का हे बघायचं असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दहा किलोचं शिक्क्याचं लोखंडी वजन मागून आणा. त्या वजनावर सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तेवढा तुमच्या मीटरवरही नाही. ब्रेक आवळून चाक रोखा, क्रँक जमिनीला समांतर करा, वजन पेडलला टांगा. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर बल-आघूर्ण १६.७ न्यूटन-मीटर यायला हवं. मीटरचं अॅप हा आकडा दाखवत असेल तर खटला तिथेच निकाली.

आणि तरी घरात पाय जड?

मग यंत्राला दोष नाही. माणसाचं शरीर अन्नातल्या ऊर्जेतली जेमतेम २०-२५ टक्के पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता. २५० वॅट काढताना तुम्ही जवळजवळ एक किलोवॅटची शेगडी होऊन बसलेले असता. रस्त्यावर वारा ती विझवतो, हॉलमध्ये फक्त छताचा पंखा असतो. समोर एक दणदणीत टेबलफॅन ठेवा, कुठल्याही कॅलिब्रेशनपेक्षा जास्त वॅट देईल. वॅट किती महाग असतात हे पाहायचं तर जर्मन ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फोर्स्टेमान यांचा व्हिडिओ शोधा: ७०० वॅटच्या टोस्टरमध्ये पावाची एक स्लाइस भाजली आणि गडी जमिनीवर आडवा.

माझा निकाल: पेडल आणि ट्रेनर यांत पाचेक टक्क्यांच्या आतला फरक असेल तर एक यंत्र निवडा, घरात आणि रस्त्यावर तेच वापरा, दुसऱ्याचा पडदा झाका. आणि वाण्याचं वजन आठवणीने परत करा. तो सकाळपासून गिऱ्हाइकांना अंदाजाने साखर देतोय.