कबड्डीचा हंगाम

मुलांनो, बदलापूर, अंबरनाथहून उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात जाणारे विद्यार्थी तुम्ही लोकलमध्ये पाहिले असतील. अशी कॉलेजे मुंबई विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेत उतरतात. संघात १२ खेळाडू असतात. ७ मैदानात, ५ राखीव. एक चढाई ३० सेकंदांची असते. समोरच्या संघाचा गडी बाद केला, की आपला बाद झालेला गडी परत येतो. म्हणून सामन्यात शेवटपर्यंत आशा असते.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत मात्र हरलेला संघ परत येत नाही. एका पराभवाने वर्षभराची मेहनत तिथेच थांबते. पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गातील खेळाडू कॉलेज सोडून गेलेले असतात. म्हणूनच चांगला संघ राखीव खेळाडूंनाही रोज सरावात खेळवतो. पुढचा हंगाम त्यांचाच असतो.