घट्ट तेलाची गरम युक्ती

शहापूर-मुरबाडच्या रानात मोह आहे, करंज आहे. दोघांच्याही बियांत तेल भरलेलं. समजा, हे तेल कुणी शेतावरच्या डिझेल इंजिनात ओतलं, तर ते चालेल का हो?

चालेल! १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण थांबा, लगेच तेलाचा डबा घेऊन धावू नका!

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. दट्ट्या आतली हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या हवेत इंजेक्टर बारीक भोकांतून इंधनाचा फवारा मारतो आणि फवारा पेट घेतो. थेंब जितके बारीक, तितकं ते झटकन आणि पुरतं जळतं. इथंच तेलाचं घोडं अडतं. ते डिझेलच्या दहापट घट्ट! थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात, मग काजळी धरते आणि इंजेक्टर चोंदतो. मोहाचं तेल तर मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरते त्या पौषातल्या थंडीत तुपासारखं थिजतं.

मग करायचं काय? तापवायचं! दोन वाट्यांत थोडं थोडं गोडंतेल घ्या. एक वाटी गरम पाण्यात ठेवा. थोड्या वेळानं दोन्ही तेलांचा एकेक थेंब तिरक्या ताटलीवर सोडा. कोणता आधी खाली पोचतो?

इंजिनात यासाठी वेगळी चूल नको. धुराड्यातून कितीतरी उष्णता फुकटच बाहेर जात असते. तेलाची नळी धुराड्याजवळून नेली, की तेल तापून पातळ होतं. मात्र गार इंजिन सुरू करायचं ते डिझेलवर. ते तापलं की तेल सोडायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल, म्हणजे नळीत घट्ट तेल अडकून राहत नाही.

दुसरी युक्ती रसायनाची. तेलाच्या रेणूत तीन लांब साखळ्या ग्लिसरीनला जोडलेल्या असतात. मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळला, की साखळ्या सुटतात, ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर उरतं तेलाहून पातळ बायोडिझेल. (मेथॅनॉल विषारी असतं, हा प्रयोग घरी नको!) २० भाग बायोडिझेल आणि ८० भाग डिझेल, हे झालं बी-२० मिश्रण. बायोडिझेलचं प्रमाण वाढवलं की मिश्रण थोडं घट्ट होतं, तेव्हा तापवण्याची युक्ती पुन्हा कामाला येते.

आणि हो, वडे तळून उरलेल्या तेलाचंही बायोडिझेल होतं. मग सांगा, ते मोरीत ओतायचं की इंजिनाला पाजायचं?